१९४५ च्या न्यूयॉर्कमधला नाइटक्लब एकांकिकेत उभा करायचाय : एल मोरोक्को आणि स्टॉर्क क्लबबद्दल नेमकी माहिती हवी

तिसरी_घंटा (ठाणे पश्चिम)

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपची नवी एकांकिका मार्च १९४५ मधल्या न्यूयॉर्कमध्ये घडते. उच्चभ्रूंचा नाइटक्लब, रात्रीचे दोन. उतरत्या काळातली एक नटी, वर्तमानपत्रात कुजबुजीचं सदर लिहिणारा एक पत्रकार आणि दारावर लोकांना आत घेणारा माणूस, ही तीन मुख्य पात्रं. शिवाय एक फोटोग्राफर, दोन वेटर. पहिला प्रयोग गडकरी रंगायतनला, जमलं तर पुढचा वाशीच्या विष्णुदास भावेला.

संहितेत क्लबचं नाव नाही, पण एल मोरोक्को आणि स्टॉर्क क्लब डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. सध्याच्या आराखड्यात मधोमध मोठं झुंबर, लाल मखमली पडदे, गायिकेसाठी मागे उंच लेव्हल (चौथरा) आणि समोर मोकळी नाचाची जागा आहे. आसनांवर काळे-पांढरे झेब्राचे पट्टे द्यायचेत, कारण जुन्या फोटोंत तसेच दिसतात. नेपथ्य लावायला दहा मिनिटं, काढायला पाच, आणि सगळं एका छोट्या टेम्पोत मावायला हवं. यातलं काय काळाला धरून आहे, काय नाही? बांधणीबद्दलही सांगा.

रात्रपाळी (नेरूळ)

सगळ्यात आधी वेळ बदला. मार्च १९४५ मध्ये रात्री दोन वाजता न्यूयॉर्कचा एकही नावाजलेला क्लब उघडा नसायचा. कोळसा, वीज आणि मनुष्यबळ वाचवण्यासाठी जेम्स बर्न्स यांच्या युद्धकालीन खात्याने २६ फेब्रुवारी १९४५ पासून देशभरातल्या करमणुकीच्या जागा मध्यरात्री बंद करायला लावल्या. महापौर ला गार्डिया यांनी मार्चमध्ये न्यूयॉर्कपुरता एक तास वाढवून दिला, म्हणजे एक वाजता दारं बंद. युरोपातलं युद्ध मेमध्ये संपलं तेव्हा ही बंदी उठली. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत : गोष्ट डिसेंबर १९४४ मध्ये न्या आणि रात्रीचे दोन तसेच ठेवा, किंवा महिना तोच ठेवून नाटक पाऊण वाजता सुरू करा. माझं मत दुसऱ्या वाटेला. दारावरच्या माणसाला पंधरा मिनिटांत अख्खा क्लब रिकामा करायचाय, ही अडचण तुम्हाला आयती मिळते.

आता एल मोरोक्को. जॉन पेरोना या इटलीहून आलेल्या माणसाने १९३१ मध्ये १५४ ईस्ट ५४ वा रस्ता इथे तो सुरू केला. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती, म्हणजे जागा चोरटीच. ५ डिसेंबर १९३३ ला दारूबंदी उठली आणि असे बरेच अड्डे उजेडात येऊन स्थिरावले किंवा बुडाले. पेरोनाचा क्लब टिकला, नुसता टिकला नाही तर पुढची पंचवीसेक वर्षं शहरातल्या पहिल्या दोन-तीन नावांत राहिला. कारण दारू नव्हे, ती सगळीकडेच मिळायला लागली होती. कारण फोटो.

व्हर्नन मॅकफार्लेनने केलेल्या सजावटीत भिंतीलगतच्या लांब गादीच्या बाकांवर झेब्राचे पट्टे होते, निळे आणि पांढरे. काळे नव्हेत. फोटो कृष्णधवल असल्यामुळे निळा काळा दिसतो आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. जेरोम झर्ब हा क्लबचा स्वतःचा फोटोग्राफर. आलेल्या बड्या लोकांचे फोटो काढायचे आणि वर्तमानपत्रांकडे पोचवायचे हे त्याचं काम. फोटोखाली क्लबचं नाव छापलं नाही तरी पाठीमागचे पट्टे पाहून वाचकाला कळायचं की ही मंडळी काल रात्री कुठे बसली होती. फुकटची जाहिरात, तीही रोज. त्यामुळे तुमच्या नेपथ्यात पट्टे शोभेसाठी नकोत. नटीचा फोटो निघतो त्या क्षणी ते तिच्या पाठीमागे असायलाच हवेत. पट्ट्यांपुढे फोटो निघाला तर ती अजून कोणीतरी आहे, न निघाला तर नाही. तुमच्या नाटकातला सगळा झगडा त्या बाकावर आहे.

याच हिशेबाने बाकीचं पाहा. झुंबर काढून टाका. एल मोरोक्कोचं छत गडद निळं, त्यावर चमकणारे तारे, आणि सेलोफेनच्या पात्यांची पांढरी माडासारखी झाडं. लाल रंग तिथे परका वाटेल. गायिकेची लेव्हलही काढा. एल मोरोक्को काय, स्टॉर्क काय, दोन्हीकडे रंगमंचावरचा कार्यक्रम नसे. आलेले लोक हाच कार्यक्रम. वाद्यवृंद नाचासाठी. एल मोरोक्कोत एक अमेरिकन नाचगाण्यांचा आणि एक रुंबाचा, असे आळीपाळीने वाजवायचे. गायिका आणि नर्तकींचा ताफा हवाच असेल तर तुमचा क्लब कोपाकबानाच्या जातीचा करावा लागेल. तो नोव्हेंबर १९४० मध्ये १० ईस्ट ६० वा रस्ता इथे सुरू झाला, आणि तिथली गर्दी नटनट्यांपेक्षा कार्यक्रमासाठी. दोन्हींची सरमिसळ करू नका, कारण मग दारावरच्या माणसाचं महत्त्वच उरत नाही.

महत्त्व कशाचं, तर टेबल कुठलं मिळतं याचं. दाराजवळच्या आणि नाचाच्या जागेलगतच्या रांगेत मर्जीतले लोक, पलीकडच्या टोकाला बाकीचे. त्या टोकाला लोक सैबेरिया म्हणायचे. पैसे दोन्हीकडे तेवढेच पडायचे. दारावरचा माणूस कोणाला डावीकडे नेतो आणि कोणाला उजवीकडे, एवढ्यावर माणसाची पत ठरायची. प्रेक्षकाला हे संवादातून सांगायची गरज नाही, जागेतून दिसलं पाहिजे : डावीकडे पुढे दोरी आणि दारावरचा माणूस, त्याला लागूनच तिरका पट्ट्यांचा बाक, आणि उजवीकडे मागे, स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी, एक बिनपट्ट्यांचं छोटं टेबल. नटी आत येते तेव्हा दारावरचा माणूस तिला बाकासमोरून पुढे नेतो आणि थांबत नाही. झालं काम.

बिल येत असेल तर आणखी एक गोष्ट. नाच किंवा गाणं असलेल्या जागांवर तेव्हा केंद्राचा कर होता. एप्रिल १९४४ मध्ये तो ३० टक्के झाला, धंदा आटल्यावर जुलैमध्ये २० टक्क्यांवर आणला. म्हणजे तुमच्या तारखेला दहा डॉलरच्या बिलावर दोन डॉलर कर. फक्त वाद्यसंगीत असेल आणि नाच-गाणं नसेल तर कर नाही, म्हणून त्या काळात कित्येक मालकांनी नाचाची जागाच बंद करून टाकली.

पडद्याआड (कळवा)

रात्रपाळीदादांनी जागा वाटून दिली, मी बांधणीचं सांगतो.

पट्ट्यांचे बाक दोन पुरेत, प्रत्येकी ६ फूट. बैठक १८ इंच उंच आणि २० इंच खोल, पाठ बैठकीच्या वर २४ इंच. पाठ याहून कमी केली तर बसलेल्या नटाचे खांदेही पट्ट्यांच्या वर जातात आणि फोटोच्या क्षणी मागे पट्ट्यांऐवजी काळा पडदा दिसतो. बैठकीला १२ मिलिमीटर प्लाय, खाली लाकडी चौकट, आणि मधोमध पाय द्याच. नुसत्या कडेच्या पायांवर तिघं बसले की प्लाय मध्ये खचतो, कापड सैल पडतं आणि पुढच्या प्रयोगाला पट्टे वाकडे. पाठ वेगळी करा आणि खिळी काढता येणाऱ्या तीन बिजागऱ्यांनी जोडा. टेम्पोत बैठका एकावर एक, पाठी उभ्या. खिळ्या सुतळीने चौकटीलाच बांधून ठेवा, नाहीतर ऐन वेळी विंगेत शोधत बसाल.

कापड मांजरपाटाचं नको, बैठकीच्या कडेला घासून लगेच फाटतं. जाड कॅनव्हास घ्या. बैठकीखालची दर्शनी बाजू १८, बैठक २० आणि पाठ २४ मिळून ६२ इंच, वर-खाली दुमडायला ४-४, म्हणजे ७० इंच. ३६ इंची पन्ह्याचे दोन तुकडे लांबीला जोडले की शिवण जाऊन ७१ इंच मिळतात. लांबी ६ फूट अधिक दोन्ही बाजूंना फूटभर, म्हणजे अडीच मीटर. एका बाकाला ५ मीटर, दोन्हींना १० मीटर. पाठ वेगळी होणार असल्याने कापड शिवून झाल्यावर बैठक आणि पाठ यांच्या सांध्यात कापायचं आहे, हे लक्षात ठेवून पट्टे आखा. पट्टा पाठीवरून सलग खाली बैठकीवर यायला हवा.

रंगकाम असं : पांढरा शुभ्र नको, थोडा मळकट पांढरा घ्या, नाहीतर दिव्याखाली तोच डोळ्यात घुसतो आणि नटांचे चेहरे काळवंडतात. पहिला हात इमल्शनमध्ये निम्मं पाणी घालून, कापड जमिनीवर ताणून. वाळल्यावर कोळशाने पट्टे आखा. झेब्राचे पट्टे एकसारखे नसतात. जाड भाग ३ ते ४ इंच, टोकाकडे इंचभर निमुळता, मध्येच दोन फाटे फुटणारा. पट्टीने आखलेत तर बाक कमी आणि रस्ता ओलांडायच्या खुणा जास्त दिसतील. दोन इंचांहून बारीक पट्टे पंधराव्या रांगेपासून एकमेकांत मिसळून करडे दिसतात. निळा एक लिटर आणि पांढरा एक लिटर दोन्ही बाकांना पुरतो. डिस्टेंपर अजिबात वापरू नका. तो वाळला की भुकटी सुटते, आणि तुमचे सगळे पुरुष काळ्या सुटात आहेत. उठून पाठ फिरवली की पांढरे डाग.

प्रकाशयोजना करणाऱ्याशी आजच बोला, कारण निम्मी वाट तिथे लागते. नाइटक्लब म्हटलं की हात आपसूक अंबर जेलकडे (दिव्यापुढे लावायच्या पिवळसर-नारिंगी पारदर्शक पातळ पत्र्याकडे) जातो. अंबर निळा रंग खाऊन टाकतो, त्याखाली तुमचा निळा पट्टा मळका काळा दिसेल आणि सगळी मेहनत वाया. निळं जेल लावलंत तर उलटं : पांढराही निळा होतो आणि पट्टेच पुसले जातात. बाकांवर जेलशिवाय किंवा अगदी फिकट पेंढ्याच्या रंगाचा प्रकाश, तोही तिरका वरून. निळं वातावरण हवं असेल तर ते मागच्या पडद्यावर आणि नाचाच्या जागेवर द्या. रंगीत तालमीत बाकाचा एक तुकडा तरी दिव्याखाली धरून पाहाच.

ताऱ्यांच्या छताचा नाद सोडा. दहा मिनिटांत छत टांगून होत नाही. मागच्या काळ्या पडद्यावर वरच्या तिसऱ्या हिश्श्यात बॅटरीवरच्या बारीक दिव्यांच्या दोन माळा, आधीच शिवलेल्या. जांभळी नाक्याच्या बाजारात सजावटीच्या दुकानांत मिळतील. लुकलुकणाऱ्या घेऊ नका, प्रेक्षकाची नजर नटावरून उडते.

कुजबुज (ऐरोली)

वर दोघांनी उत्तम सांगितलंय. मी स्टॉर्क क्लबचं घालते, कारण तुमचा सदरलेखक खरं तर तिथला आहे.

शर्मन बिलिंग्जली हा ओक्लाहोमाकडचा, आधी चोरटी दारू विकणारा. त्याने १९२९ मध्ये वेस्ट ५८ व्या रस्त्यावर क्लब काढला, दारूबंदीच्या अधिकाऱ्यांनी १९३१ मध्ये तो बंद पाडला, आणि दोनदा जागा बदलून १९३४ मध्ये तो ३ ईस्ट ५३ वा रस्ता इथे स्थिरावला. दाराशी दोरी नव्हती, सोन्याची साखळी होती. रंगमंचावर साखळी घ्या असं मी म्हणेन, कारण ती सोडताना आवाज येतो. पितळी मुलामा दिलेली पाच-सहा फूट साखळी, दोन खांब ३६ इंच उंचीचे, आणि खांबांच्या बुडाशी वजन. हलके खांब साखळीच्या ओढीने आत झुकतात आणि अंधारात कोणाच्या तरी पायात येतात.

आत आणखी एक आतली खोली होती, कब रूम. वॉल्टर विन्चेलचं ५० नंबरचं टेबल तिथलं. तो *डेली मिरर*मध्ये सदर लिहायचा आणि रेडिओवर बोलायचा. त्याला बातमी तिथे बसल्या जागी मिळायची आणि बिलिंग्जलीला त्याच्या सदरात नाव. तुमचा पत्रकार वही घेऊन टेबलांमधून फिरतो असं लिहिलं असेल तर बदला. तो बसून राहतो, लोक त्याच्याकडे जातात. टेबलावर टेलिफोन ठेवा, काळा, तबकडीचा, वायर टेबलाखाली जाणारी.

बिलिंग्जली वेटरांशी हाताच्या खुणांनी बोलायचा. या टेबलाचं बिल लावू नका, मला फोन आल्याचं सांगून इथून सोडवा, अशा अर्थांच्या खुणा. *लाइफ* मासिकाने १९४४ मध्ये त्या फोटोंसह छापल्या होत्या, म्हणजे गुपित राहिलंच नव्हतं, तरी त्या चालू राहिल्या. तुम्हाला तीन खुणा पुरेत. कुठल्या, ते दिग्दर्शकाने ठरवावं, पण प्रत्येक खूण पहिल्यांदा दिसेल तेव्हा तिचा परिणाम लगेच दाखवा. तिसऱ्यांदा परिणाम न दाखवता नुसती खूण केली तरी प्रेक्षक समजून घेईल.

फोटोग्राफरचं काम हमखास चुकतं. १९४५ चा प्रेस कॅमेरा धडाधड फोटो काढत नाही. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटतो, मग तो काढायचा (गरम असतो, म्हणून रुमालाने किंवा झटक्यात), खिशातून नवा लावायचा, फिल्मची चौकट उलटायची. एका चौकटीत दोनच फिल्म. दोन फोटोंमध्ये सवयीच्या माणसालाही काही सेकंद जातात. नटीचा फोटो काढायला तो वळतो आणि बल्ब बदलायचाय, त्या सेकंदांत दारावरचा माणूस तिला पुढे घेऊन जातो, असं काही बसवता आलं तर बघा. फ्लॅशसाठी एकच झपकारा देणारा एलईडी वापरा, रोख प्रेक्षकांकडे नको, बाकाकडे.

पेले उंच निमुळते नकोत. तेव्हा शॅम्पेन रुंद, उथळ, देठाच्या पेल्यात द्यायचे. आइस्क्रीमचे देठवाले पेले चालून जातात, प्लास्टिकचे असतील तर उत्तम. सोड्यात थोडा सफरचंदाचा रस घातला की रंग जमतो, पण ओतल्यावर पाच मिनिटांत बुडबुडे संपतात, तेव्हा बाटली रंगमंचावरच उघडा. रक्षापात्रं प्रत्येक टेबलावर हवीतच. सिगारेट मात्र न पेटवलेली, बंद सभागृहात दुसरं काही करता येणार नाही.

आणि एक गोष्ट जी गाळू नये. या चकचकीत जागांत काळ्या लोकांना पाहुणे म्हणून जवळपास थारा नव्हता. १६ ऑक्टोबर १९५१ ला काळ्या गायिका-नर्तकी जोसेफिन बेकर स्टॉर्क क्लबमध्ये जेवायला गेल्या. त्यांच्या टेबलावर पेयं आली, पण मागवलेलं जेवण तासभर आलंच नाही. त्यांनी तक्रार केली, क्लबसमोर निदर्शनं झाली. विन्चेल त्या रात्री क्लबात होता. त्याने बिलिंग्जलीची बाजू घेतली आणि सदरातून बेकर यांच्यावरच तुटून पडला. त्याच्या नावाला लागलेला बट्टा नंतर गेला नाही. कोणी त्यांना दारात अडवलं नव्हतं हे ध्यानात घ्या. वेटर येत नाही, एवढंच. तुमच्या दोन वेटरांना शिकवायची गोष्ट हीच आहे : नकार द्यायचा तो उशिराने, चेहरा हसरा ठेवून. तुमच्या नाटकाच्या काळातच न्यूयॉर्कमध्ये बार्नी जोसेफसनचा कॅफे सोसायटी हा नाइटक्लब १९३८ पासून काळ्या-गोऱ्यांना शेजारी बसवत होता, त्यामुळे काळच तसा होता ही सबब लावता येत नाही.

तिसरी_घंटा

तिघांचेही मनापासून आभार. वेळ पाऊण वाजताची करतोय आणि झुंबर गेलं. दोन शंका राहिल्या. सेलोफेनची पांढरी झाडं फार आवडली, दोन करायची आहेत, पण दिव्यांजवळ भीती वाटते. आणि शेवटी निवेदनात क्लबांचं पुढे काय झालं ते दोन वाक्यांत सांगायचंय.

पडद्याआड

भीती रास्त आहे. बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबात २८ नोव्हेंबर १९४२ ला आग लागली, ४९२ माणसं गेली. तळघरातल्या नकली माडाच्या सजावटीपाशी सुरुवात, छताला ताणलेल्या कापडातून ती पळाली, आणि मुख्य दार फिरतं असल्याने गर्दीच्या रेट्याने अडकलं. बाकीची काही दारं कुलूपबंद, काही आत उघडणारी. तुमच्या नाटकाच्या दोन-सव्वादोन वर्षं आधीची गोष्ट, त्यामुळे पात्रांच्या बोलण्यातही ती सहज येऊ शकते.

तेव्हा सेलोफेन, क्रेप कागद, थर्माकोल यांतलं काहीही नको. खोडासाठी बांबू, पात्यांसाठी बांधणीची तार, त्यावर सुती कापड. कापडाला हे द्रावण द्या : २ लिटर गरम पाण्यात २०० ग्रॅम टाकणखार आणि ८५ ग्रॅम बोरिक पावडर, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळून. कापड बुडवा, हलकं पिळा, सावलीत आडवं वाळवा. उभं टांगलं तर द्रावण खाली उतरतं आणि वरचा भाग कोरडाच राहतो. हे फक्त सुती कापडावर चालतं, पॉलिस्टरवर नाही, आणि पाणी लागलं की धुऊन जातं. त्यामुळे झाडं पावसात भिजली तर पुन्हा करा. एक पट्टी बाहेर मोकळ्यावर नेऊन काडी लावून पाहा : काडी बाजूला केली की ज्योत विझली पाहिजे, नुसती काळी पडली पाहिजे. बाकांचं कॅनव्हास रंगवून वाळल्यावर मागच्या बाजूने हेच द्रावण ब्रशने मारा. एवढं करूनही झाड कुठल्याही हॅलोजन दिव्यापासून तीन फूट लांबच. आणि झुलत्या दाराचा फ्लॅट (नेपथ्याची उभी चौकट) विंगेतल्या बाहेर जायच्या वाटेवर लावू नका, तीच जागा रिकामी दिसते म्हणून सगळे तिथे लावतात.

रात्रपाळी

निवेदनासाठी. एल मोरोक्को १९६१ मध्ये त्याच रस्त्यावर ३०७ नंबरला हलला आणि त्याच वर्षी पेरोना वारला. जुन्या १५४ नंबरच्या जागेत १९६५ मध्ये आर्थर नावाचा डिस्कोथेक निघाला, म्हणजे वाद्यवृंदाच्या जागी रेकॉर्ड आल्या. स्टॉर्कमध्ये १९५७ च्या जानेवारीत कामगारांचा संप झाला. बिलिंग्जलीने युनियन मानली नाही आणि क्लब तिथून घसरला तो सावरलाच नाही. ४ ऑक्टोबर १९६५ ला बंद झाला, आणि बरोबर वर्षाने, ४ ऑक्टोबर १९६६ ला बिलिंग्जली वारला. ती इमारत पाडून तिथे पेली पार्क हे छोटं उद्यान केलं, १९६७ मध्ये ते खुलं झालं. आता तिथे कोणीही जाऊन बसू शकतं.

निवेदनात ५४ व्या रस्त्याचा उल्लेख करणार असाल तर ईस्ट हा शब्द गाळू नका. स्टुडिओ ५४ हा गाजलेला डिस्को वेस्ट ५४ व्या रस्त्यावर, २५४ नंबरला, एप्रिल १९७७ मध्ये सुरू झाला. नुसतं ५४ वा रस्ता म्हटलंत की प्रेक्षकातले निम्मे लोक डिस्कोचा गोळा डोळ्यांपुढे आणतील.